‘आमच्या वार्ताहराकडून’ म्हणजे कोणाकडून?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात वाचकांच्या पत्रांच्या सदराखाली एक सूचना नेहमी असते: पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असल्याखेरीज पत्राचा विचार केला जाणार नाही. ही सूचना योग्यच आहे आणि गेली कित्येक वर्षे मी ती पाळत आले आहे. परंतु त्याच अंकाची आतली पाने उलटली की तालुक्याच्या बातम्या, पुरवणीतले अनुवादित लेख, कोणा मान्यवराच्या आठवणी यांपैकी पुष्कळ मजकुरावर लिहिणाऱ्याचे नाव नसते. असलेच तर ते ‘वार्ताहर’, ‘प्रतिनिधी’, ‘टीम’, ‘वृत्तसेवा’ अशा एखाद्या शब्दाच्या आड गेलेले असते. दीडशे शब्दांचे पत्र पाठवणाऱ्या माझे नाव व गाव छापले जाते आणि तीन दिवस पायपीट करून बातमी आणणाऱ्याचे छापले जात नाही, याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगानंतर ते पुढे ढकलणे मला जमले नाही. हे केवळ आपल्या वृत्तपत्राबद्दलचे गाऱ्हाणे नाही. मराठीतल्या बहुतेक दैनिकांत आणि मासिकांत हीच रीत आहे, आणि आपण वाचकांचे म्हणणे मनावर घेता म्हणून आपल्याला लिहीत आहे.

एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस जुन्या अंकांच्या फायली लावायला जाते. आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थिनी येत असे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बायकांनी खडी फोडण्याच्या कामांवर कसे दिवस काढले, हा तिचा विषय आहे. सरकारी अहवालांत कामांची आणि मजुरांची संख्या मिळते, पण माणसे मिळतात ती वृत्तपत्रांच्या जुन्या बातम्यांतच. अशा काही बातम्या तिला आमच्या फायलींत सापडल्या आणि त्या फार चांगल्या होत्या. मजुरी तीन आठवडे थकल्याने बायकांनी मुकादमाच्या तंबूसमोर पाट्या उपड्या घालून कसा ठिय्या दिला, सुकडी (मजुरांना मिळणारा कोरडा पूरक आहार) वाटताना कोणाला वगळले गेले, मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीने पोरांची पोटे कशी बिघडली, हे सगळे त्या बातम्यांत होते. ते लिहिणारा माणूस तिथे उभा होता, हे ओळीओळीतून कळत होते. तिने मला विचारले, “बाई, तळटिपेत लेखकाचे नाव काय लिहू?” मथळ्याखाली कंसात छापले होते, ‘आमच्या वार्ताहराकडून’. ‘वार्ताहर’ असेच लिही, असे मी तिला सांगितले. दुसरे काही सांगण्यासारखे माझ्याजवळ नव्हते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी गावातल्याच एक बाई वाचनालयात आल्या. वडिलांचे घर विकायला काढले होते, माळा रिकामा करताना त्यांना एक वही सापडली होती आणि ती टाकून द्यायला मन होत नव्हते. जमाखर्चाची लांबट वही, लाल कापडी बांधणीची, कडेने कसर लागलेली. आत पानापानावर वृत्तपत्रांची कात्रणे गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेली होती. प्रत्येक कात्रणाशेजारी निळ्या शाईने तारीख आणि बातमीची लांबी लिहिलेली: ११ सें. मी., १४ सें. मी., साडेसात सें. मी. महिन्याच्या शेवटी बेरीज, त्याखाली मनीऑर्डरने आलेली रक्कम रुपये-पैशांत, आणि मधूनमधून दोनच शब्द, ‘आले नाहीत’. ज्या बातम्या मी त्या मुलीला फायलीत दाखवल्या होत्या, त्यांतल्या चार या वहीत होत्या.

त्या बाईंचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शाळा सुटली की सायकलवरून दुष्काळी कामांवर जायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात बातमी लिहायची आणि पहाटेच्या एसटीने पाकीट जिल्ह्याच्या गावी पाठवायचे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. एकाहून अधिक वृत्तपत्रांसाठी त्यांनी हे काम केले आणि त्यांपैकी काही आता बंद पडली आहेत. १९९८ साली ते गेले. वहीत त्रेपन्न कात्रणे आहेत आणि एकावरही त्यांचे नाव छापलेले नाही. स्वतःच्याच बातमीखाली त्यांनी समासात बारीक अक्षरांत सही केलेली आहे, प्रत्येक कात्रणाखाली. ते पान मी बराच वेळ पाहत बसले होते. छापणाऱ्यांनी जे केले नाही ते त्या माणसाने घरी बसून, कोणाला न सांगता, आपल्या हाताने केले होते.

आता काही जण म्हणतील की बातमी वाचताना वाचकाला नावाशी काय करायचे आहे. ज्या दिवशी अंक निघतो त्या दिवशी बहुतेक वाचकांचे नावावाचून अडत नाही, हे मला मान्य आहे. अडते ते पुढे. ग्रंथालयात प्रत्येक लेखनाची किमान तीन पत्रके, म्हणजे नोंदीची कार्डे, करतात, एक लेखकाच्या नावाचे, एक शीर्षकाचे आणि एक विषयाचे. श. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची जी सूची केली, तिच्या आधाराने आमच्या पिढीतले ग्रंथपाल शिकले. कोणी, काय, केव्हा लिहिले याची नोंद नसेल तर छापलेला कागद असूनही नसल्यासारखा होतो, ही त्या शिक्षणातली पहिली गोष्ट. निनावी बातमीचे विषयपत्रक होते, पण लेखकपत्रक होत नाही. त्यामुळे एकाच माणसाने पंधरा वर्षांत एका तालुक्याबद्दल काय काय पाहिले आणि लिहिले, हे एकत्र बघण्याची वाटच बंद होते. पुण्यामुंबईच्या स्तंभलेखकाचे लेखन त्याच्या नावाखाली एकत्र सापडते, त्याची पुस्तके निघतात, त्याच्या मतांत कसा बदल होत गेला यावर कोणी प्रबंध लिहितो. तालुक्याच्या वार्ताहराचे लेखन त्रेपन्न ठिकाणी विखुरलेले असते आणि ते एका हातचे आहे हे कोणालाही ठाऊक नसते. ग्रामीण महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना आपण साधने नाहीत म्हणून हळहळतो. साधने आहेत, पण त्यांचे कर्ते आपणच पुसून टाकले आहेत.

नाव न छापण्याची रीत आपल्याकडे रुजली याला कारणे होती, आणि ती सगळीच वाईट नव्हती. ‘लोकहितवादी’ या नावाने गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त पत्रे लिहिली तेव्हा ते सरकारी नोकरीत होते, आणि जे लिहीत होते ते स्वतःच्या समाजाला झोंबणारे होते. टोपणनाव ही त्यांची गरज होती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे सक्तीची केली, पण ती कोणाचे श्रेय नोंदवण्यासाठी नव्हे. खटला भरायचा झाल्यास कोणाला धरायचे हे सरकारला कळावे म्हणून. १८९७ साली ‘केसरी’त शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून जी कविता आली तिच्याखाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण होती, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून त्यांच्यावर खटला झाला, त्या अग्रलेखांखालीही सही नव्हती. ‘केसरी’तल्या मजकुराची जबाबदारी टिळकांनी आपली मानली आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ऐकून घेतली. संपादकाने आपल्या निनावी सहकाऱ्यांच्या पुढे उभे राहून घाव झेलावा, ही मराठी वृत्तपत्रसृष्टीची परंपरा अशा प्रसंगांतून तयार झाली आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच अग्रलेखाखाली नाव असावे असा माझा आग्रह नाही. तो वृत्तपत्राचा स्वतःचा आवाज आहे आणि त्याच्यासाठी संपादकाचे नाव पुरेसे आहे.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते आणि पहिल्या अंकातले ‘मनोगत’ बाबासाहेबांचे होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे सगळे पुढे लोकांनी शोधून काढले, जपून ठेवले, शासनाने ते ग्रंथरूपाने छापले. बाबासाहेबांसाठी शोधणारे होते. सायकलवरून फिरणाऱ्या शिक्षकासाठी कोण शोधणार? निनावीपणाने निर्माण होणारे नुकसान मोठ्या माणसांच्या बाबतीत कालांतराने भरून निघते. लहान माणसांच्या बाबतीत ते कायमचे राहते.

माझ्या वाट्याला आलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण नाव गळल्याने केवळ मान जातो असे नाही, वस्तुस्थितीच बदलते, हे तिच्यामुळे मला कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वृद्ध शाहिरांच्या आठवणी मी लिहून घेतल्या. चार दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचे बोलणे ऐकले, वहीत उतरवले, घरी येऊन त्यातला क्रम लावला, त्यांच्या बोलीचा बाज शक्य तितका राखला आणि त्यांना ते सगळे वाचून दाखवले. मजकूर एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीला पाठवला. वर त्यांचे नाव आणि शेवटी ‘शब्दांकन’ म्हणून माझे, असे मी स्पष्ट लिहून दिले होते. लेख छापून आला, छान छापून आला, फक्त शेवटची ती ओळ नव्हती. चौकशी केली तेव्हा पान लावताना जागा पुरली नाही, असे उत्तर मिळाले. शाहीर खूश होते, त्यांचे छायाचित्र आले होते, म्हणून मीही विषय सोडला. पुढे एका मासिकाने तोच लेख पुन्हा छापला आणि खाली ‘साभार’ म्हणून त्या वृत्तपत्राचे नाव दिले. त्यानंतर दोन वर्षांनी एका लेखसंग्रहात मी वाचले की, लोककलावंतांमध्ये औपचारिक शिक्षण नसतानाही लेखनाची जाण कशी होती पाहा, अमुक शाहीर आपल्या लेखात किती नेमकेपणाने लिहितात, आणि खाली माझ्या मजकुरातली चार वाक्ये. त्या शाहिरांना अक्षरओळख नव्हती. निवृत्तिवेतनाच्या कागदावर ते अंगठा लावत. त्यांची जी खरी थोरवी होती, हजारो ओळी तोंडपाठ असण्याची, ऐकून शिकण्याची आणि ऐकवून शिकवण्याची, ती त्या एका गळलेल्या ओळीमुळे झाकली गेली आणि जी नव्हती ती त्यांना चिकटली. मी त्या संग्रहाच्या लेखकांना पत्र लिहिले. त्यांनी खेद व्यक्त केला, पण पुस्तक छापून झाले होते. त्यांची चूक नव्हती, त्यांनी जे छापलेले होते तेच प्रमाण मानले.

‘शब्दांकन’ हा शब्द मराठी वाचकाला नीट कळेल असा आहे आणि तो चांगला शब्द आहे. बोलणे एकाचे, लिहिणे दुसऱ्याचे, हे तो एका शब्दात प्रामाणिकपणे सांगतो. तो गाळला की वाचकाची दिशाभूल होते. याच्या उलट प्रकारही सर्रास चालतो: एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा उद्योजकाच्या नावावर लेख येतो, तो त्यांच्या कार्यालयातल्या कोणीतरी लिहिलेला असतो आणि ते संपादकीय विभागालाही ठाऊक असते. जयंती-पुण्यतिथीच्या पानांवर तर हे नेहमीचे झाले आहे. तिथेही ‘शब्दांकन’ म्हणून लिहिणाऱ्याचे नाव देता येईल. त्याने त्या पुढाऱ्याचे काहीही कमी होत नाही.

अनुवादकांची स्थिती याहून फारशी बरी नाही. इंग्रजी स्तंभलेखकांचे लेख मराठीत येतात ही वाचकांची मोठी सोय आहे. मूळ लेखकाचे नाव ठळक असते, त्याचे छायाचित्र असते, शेवटी कंसात तो कुठे प्राध्यापक आहे हे असते, आणि अनुवादकाचा पत्ता नसतो. अर्थशास्त्रावरचा किंवा घटनेवरचा लेख मराठीत आणताना प्रत्येक पारिभाषिक शब्दाशी झगडावे लागते. शब्द चपखल बसला तर वाचकाला तो मूळचाच वाटतो, आणि चुकला तर दोष मूळ लेखकाच्या माथी जातो. दोन्ही बाबतींत जबाबदार माणसाचे नाव वाचकाला कळलेच पाहिजे. आता यंत्राकडून अनुवाद करून घेण्याचे प्रमाण वाढत आहे. तसे केले असेल तर तेही तसेच छापावे आणि तो तपासणाऱ्याचे नाव द्यावे.

‘साभार’ या शब्दाबद्दलही मला तक्रार आहे. आभार कोणाचे? पुनर्मुद्रणाखाली ‘साभार’ म्हणून बहुतेकदा मासिकाचे नाव येते, लेखकाचे वगळले जाते, मूळ अंकाची तारीख तर जवळजवळ कधीच नसते. हल्ली ‘समाजमाध्यमांवरून साभार’ असे छापून एखादा भावणारा मजकूर देण्याची पद्धत पडली आहे. तो कोणाचा आहे याचा शोध घेण्याचे श्रम घेतले जात नाहीत, आणि कित्येकदा पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांनी कधीच न लिहिलेले त्यांच्या नावावर खपते. लेखक सापडत नसेल तर तो मजकूर न छापणे हाच सरळ मार्ग आहे.

कायदा याबाबत काय सांगतो, हे अनेक लेखकांना आणि पुष्कळ उपसंपादकांनाही माहीत नसते, असा माझा अनुभव आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, लेखकाने आपले सर्व हक्क दुसऱ्याला देऊन टाकले असले तरीही, ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा त्याचा हक्क शिल्लक राहतो. पगारी नोकरीतल्या पत्रकाराच्या लेखनाबाबत, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्र-नियतकालिकांतल्या प्रकाशनापुरती मालकी कलम १७ प्रमाणे मालकाची होते, बाकीच्या बाबतींत ती लेखकाचीच राहते. सेंटिमीटरवर पैसे मिळणारा तालुका वार्ताहर हा सहसा पगारी नोकर नसतो. त्याने लेखी करारान्वये हक्क दिले नसतील तर त्याचे लेखन त्याचेच. आणखी एक गोष्ट आहे. नावानिशी प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, निनावी लेखनाचा मात्र प्रकाशनापासून साठ वर्षे. मधल्या काळात लेखकाची ओळख उघड झाली तरच तो मृत्यूपासून मोजला जातो. त्या शिक्षकांच्या १९७२ सालच्या बातम्या निनावीच राहिल्या तर २०३२ अखेर त्यांच्यावर कोणाचाच हक्क उरणार नाही. त्यांचे नाव सिद्ध झाले तर तो २०५८ अखेरपर्यंत त्यांच्या मुलांकडे राहील. त्या बाईंना पैशाची अपेक्षा नाही, हे मी जाणते. पण मथळ्याखालच्या एका शब्दाने वारसांच्या हक्कात सव्वीस वर्षांचा फरक पडतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याला घेतले जाणारे आक्षेप मी ऐकले आहेत. बातमी हे एकट्याचे काम नसते, वार्ताहर कच्चा मजकूर पाठवतो आणि तिला आकार देतो तो टेबलावरचा उपसंपादक, असे एक सांगितले जाते. ते खरेच आहे, आणि म्हणून दोघांची नावे द्यावीत. छायाचित्राखाली ‘छाया’ म्हणून छायाचित्रकाराचे नाव बसवता येते, तर बातमीखाली दोन नावे का बसू नयेत? जागेच्या सबबीबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की नावाला एक ओळ लागते आणि ती मजकुरातला एखादा ‘याप्रसंगी मान्यवर उपस्थित होते’ काढला की मिळते. त्याचबरोबर, आलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे देऊन त्यावर बायलाइन, म्हणजे वार्ताहराच्या नावाची ओळ, लावणे हेही चूकच आहे. न केलेल्या कामाला नाव देणे आणि केलेल्या कामाचे नाव काढणे, दोन्हींनी वाचक फसतो.

जो आक्षेप मला मनापासून पटतो तो सुरक्षिततेचा. वाळू, जमीन, सोसायटीचे राजकारण यांबद्दल लिहिणारा वार्ताहर त्याच गावात राहतो, त्याची मुले त्याच शाळेत जातात. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्य विधिमंडळाने २०१७ साली कायदा संमत केला तो उगाच नव्हे. त्या कात्रणांच्या वहीतले शिक्षकसुद्धा सरकारी पगारावर होते, आणि कदाचित नाव न छापणे त्यांनाच हवे असेल. त्यांच्या मुलीला मी हे विचारले. तिने सांगितले की नोकरीत असेपर्यंत ते नाव नको म्हणत, पण निवृत्तीनंतरही दहा वर्षे ते लिहीत राहिले, त्या काळात त्यांनी दोनदा कार्यालयात जाऊन नाव छापण्याची विनंती केली होती आणि ‘तालुक्याच्या बातमीला नाव देत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले. म्हणजे सुरुवातीला नाव त्यांनी झाकले होते, नंतर ते दुसऱ्यांनी झाकले. या दोहोंतला फरक जपणे हीच माझी मुख्य मागणी आहे. नाव छापायचे की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवावे. तो भीतीपोटी किंवा संकोचाने नको म्हणाला तर ते शब्दशः पाळावे. टोपणनाव हवे असेल तर तेही द्यावे, कारण एकच टोपणनाव सतत वापरले तर निदान एका हातचे लेखन एकत्र तरी राहते. पण तो नको म्हणालेला नसताना, केवळ रीत म्हणून, तालुका म्हणून, मानधन कमी म्हणून नाव वगळू नये.

नाव छापायचे ते पूर्ण छापावे, हीदेखील एका ग्रंथपालाची विनंती. पुस्तक-परीक्षणांखाली नुसती आद्याक्षरे देण्याची जुनी हौस अजून काही नियतकालिकांत आहे. त्या वेळी संपादकांना आणि लेखकाच्या मित्रांना ती कळतात, तीस वर्षांनी कोणालाच कळत नाहीत. आमच्या फायलींत एका मासिकातली ‘वि. ग.’ अशा सहीची अकरा परीक्षणे आहेत आणि ते वि. ग. कोण, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव अशी दोन नावे होऊन एका लेखिकेच्या दोन लेखिका होतात. लेखाच्या शेवटी आपण लेखकपरिचयाची जी ओळ देता, तिच्यात पूर्वीचे नाव, लेखिकेची इच्छा असल्यास, सहज देता येईल. छापील अंकातले नाव संकेतस्थळावर चढवताना ‘ऑनलाइन डेस्क’ होऊन जाते, तेही थांबवावे. यापुढे संशोधक छापील फाइल उघडतीलच असे नाही, पडद्यावर जे नाव दिसेल तेच त्यांच्या तळटिपेत जाईल. नाव चुकले किंवा राहिले तर त्याच पानावर दुरुस्ती द्यावी. पुढाऱ्याचे पद चुकले तर आपण दुसऱ्या दिवशी खुलासा छापता, तोच न्याय लेखकाला मिळावा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र प्रामुख्याने लिहिले ते. त्या वहीतली त्रेपन्न कात्रणे मी सूचीत घेत आहे. जे नाव मुद्रित मजकुरात नाही पण अन्य पुराव्याने ठाऊक झाले आहे, ते चौकटी कंसात लिहावे, असा सूचीकरणाचा नियम आहे. त्याप्रमाणे मी लेखकपत्रकावर त्या शिक्षकांचे नाव चौकटी कंसात लिहिले. चव्वेचाळीस पत्रके झाली आहेत. उरलेल्या नऊ कात्रणांपैकी काहींच्या तारखा कसरीने खाल्ल्या आहेत आणि काही कोणत्या वृत्तपत्रातली आहेत हे टाइपावरून नक्की सांगता येत नाही. त्यांतली दोन-तीन आपल्याच वृत्तपत्रातली असावीत असा माझा अंदाज आहे.

वार्ताहरांना सेंटिमीटरप्रमाणे मानधन दिले जात होते, म्हणजे त्याची नोंद ठेवणारी रजिस्टरे आपल्या लेखा विभागात होती. त्यांत वार्ताहराचे नाव, तालुका आणि महिना हे सारे असणार. छापील अंकांत नसलेली ही सगळी नावे आज कुठे शिल्लक असतील तर त्या रजिस्टरांतच. ती रद्दीत गेली नसतील तर कृपया जाऊ देऊ नयेत, आणि १९७१ ते १९८० या वर्षांची रजिस्टरे पाहण्याची परवानगी मला मिळावी. मी स्वखर्चाने येईन, आपल्या सोयीच्या दिवशी तिथेच बसून नोंदी उतरवून घेईन, आणि तयार झालेल्या सूचीची एक प्रत आपल्या कार्यालयाला देईन.

आपली विश्वासू,
एका तालुका वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल

(पूर्ण नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे. नाव आणि गाव पत्राखाली अवश्य छापावे.)